'अँटीसोशल'ला मराठीत काय म्हणाल? आणि एम्पथीला?

पारिजात:
एक लेख मराठीत करतेय. अँटीसोशल वागणाऱ्या किशोरवयीन मुलांना दुसऱ्याच्या भावना कितपत कळतात, असा विषय आहे आणि पहिल्याच शब्दाला अडकलेय. हल्ली पार्टीला जायचा कंटाळा आला की लोक 'मी जरा अँटीसोशलच आहे' म्हणतात, म्हणजे एकलकोंडा, इथे तसं नाहीये, मारामाऱ्या, चोऱ्या, धमकावणं असला मामला आहे. 'असामाजिक' लिहिलं तर लाजाळू पोरगं डोळ्यांसमोर येतं. आणि एम्पथीला सहानुभूती नको, त्यात कीव येते.

खवचट_आजोबा:
समाजकंटक. पेपरात तोच असतो.

पारिजात:
14 वर्षांच्या पोराला?? 😄

सांजवारा:
नको नको. 'समाजविघातक वर्तन' म्हण, म्हणजे शब्द वागण्याला चिकटतो, मुलाला नाही. डॉक्टरसुद्धा 18 च्या आत समाजविघातक व्यक्तिमत्त्वविकाराचं निदान करत नाहीत, तोवर फार तर वर्तनविकार म्हणतात. एम्पथीला समानुभूती रूढ आहे, पण तुझ्या विषयाला तो एकटा पुरायचा नाही. समोरच्याला काय वाटतंय ते ओळखणं वेगळं आणि ते बघून आपल्या पोटात कालवणं वेगळं. काही मुलांना पहिलं झकास जमतं, कोणाला काय बोललं की लागेल ते बरोब्बर माहीत असतं, म्हणून तर नेमकं तेच बोलतात.

खवचट_आजोबा:
म्हणजे कळतं पण कळवळत नाही.

पारिजात:
आजोबा हे मी ढापतेय!

सांजवारा:
भारीच. पण सगळ्यांना लागू नाही हां, काहींना कळतही नाही. समुपदेशनात मी चेहऱ्यांचे फोटो दाखवते, एकदा घाबरलेल्या बाईचा होता, डोळे विस्फारलेले, तोंड अर्धवट उघडं, मुलगा बराच वेळ बघून म्हणाला 'चिडलीय'. तो सगळा वेळ तोंडाकडेच बघत होता आणि भीती तर डोळ्यांत दिसते. मानसशास्त्रज्ञ मार्क डॅड्स आणि सहकाऱ्यांचा 2006 चा अभ्यास आहे, दुसऱ्याच्या दुःखाने न हलणाऱ्या मुलांना भीती ओळखणं जड जात होतं, पण नुसतं 'डोळ्यांकडे बघ' सांगितलं तर तेवढ्यापुरती यायला लागली.

बिनकामाचा:
'खुन्नस' राहिला राव. शाळेत मी पण त्यातलाच, कोणी नुसतं बघितलं तरी खुन्नस देतोय वाटायचं. एकाला त्यापायी बदडला, नंतर कळलं त्याचा चष्मा फुटलेला, माझ्या मागच्या फळ्यावरचं डोळे बारीक करून वाचत होता बिचारा.

सांजवारा:
अगदी हेच! साध्या चेहऱ्यातही वैर दिसणं. मानसशास्त्रज्ञ केनेथ डॉजने 1980 च्या सुमारास आक्रमक मुलांमध्ये हेच दाखवलं, मुद्दाम केलं की चुकून झालं हे स्पष्ट नसेल तर ही मुलं 'मुद्दाम' धरून चालतात. पुस्तकी प्रतिशब्दापेक्षा खुन्नसच बरा.

पारिजात:
मग ज्यांना दुसऱ्याचं काहीच वाटत नाही त्यांना कोडगा चालेल?

खवचट_आजोबा:
छे. कोडगा स्वतः बोलणी खाऊन खाऊन होतो, लाज उरत नाही. तुम्हाला दुसऱ्याच्या दुःखाबद्दल म्हणायचंय, तिथे निष्ठुर.

सांजवारा:
निष्ठुरही मुलासाठी जडच. अमेरिकन मनोविकार संघटनेनेही 2013 मध्ये आपल्या विकारांच्या यादीत वर्तनविकाराखाली अशा मुलांसाठी उपनोंद घातली तेव्हा 'परहिताच्या भावना मर्यादित' अशा अर्थाचे सौम्य शब्द वापरले. लांबलचक आहे, पण शिवी नाही.

पारिजात:
चालेल. शीर्षक मात्र 'कळतं पण कळवळत नाही'च!

सांजवारा:
अगं पण काहींना कळतही नाही, त्यावरच तर एवढं बोललो आपण.

खवचट_आजोबा:
प्रश्नचिन्ह टाका पुढे.