रोजच्या सवयी, पैशाच्या आणि स्वतःच्या : घरात पाहिलेल्या, अंगी लावलेल्या (अनुभव लिहा)

कृष्णाकाठ

आज दुपारी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभी होते. एक मुलगा गाडीवरून उतरला, कमरेला बॅग, हातात ते छोटं मशीन. दुकानदारानं काही न बोलता गल्ल्यातून दोनशे काढून दिले, पावती निघाली, ती त्यानं न बघताच खिळ्याला टोचली. पिग्मी! म्हणजे रोज दारात येऊन थोडेथोडे पैसे घेऊन जायची ती ठेव. यूपीआय आल्यावर हा प्रकार बंद पडला असेल असं मी धरूनच चालले होते.

आमच्याकडे सांगलीत पिग्मीचे काका यायचे ते सायकलवर, दिवेलागणीला. आई ब्लाउज शिवायची. दिवसभरात जे हातात पडेल त्यातले पाच रुपये आधी बाजूला, मग भाजीचा विचार. पिवळं जाड कार्ड असायचं, त्यावर तारखांचे चौकोन. प्रत्येक चौकोनात निळ्या शाईचा आकडा आणि काकांची सही, म्हणजे नुसती एक वेलांटी. कार्ड घामानं, तेलानं मऊ पडलेलं, मधल्या घडीवर फाटलेलं, तिथे आईनं चक्क दोऱ्यानं टाका घातला होता. एखाद्या दिवशी गिऱ्हाईक नसलं तर "काका, आज दोनच" म्हणायची, पण त्यांना रिकामं पाठवायची नाही. माझी अकरावीची फी त्यातून गेली, मशीनला मोटर त्यातून बसली.

व्याज म्हणाल तर नावाला. कागदावर हिशेब मांडला तर पोस्टात टाकणं शहाणपणाचं होतं. पण पोस्टात जायला तिला वेळ कुठे होता? आणि दारात माणूस उभा आहे म्हटल्यावर ती द्यायचीच.

मी पगाराच्या दुसऱ्या दिवशी आरडीचा, म्हणजे बँकेतल्या दरमहाच्या ठेवीचा, हप्ता आपोआप जाईल असं लावून टाकलंय. जात आईचीच, फक्त काका नाहीत.

तुमच्या सवयी लिहा. पैशाच्याच हव्यात असं नाही. उपदेश नको, केलेलं लिहा.

आंबेमोहोर

तूरडाळीचा डबा. ८ नोव्हेंबर २०१६. ज्यांना कळायचं त्यांना कळलं.

नानाचीटांग

आंबेमोहोर, असं अर्धवट टाकून पळायचं नाही. सविस्तर!

आंबेमोहोर

कुकर लावून आले, ऐका. रात्री टीव्हीवर पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्याचं सांगितलं आणि सासूबाई एक शब्द न बोलता उठून स्वयंपाकघरात. तूरडाळीच्या तळाशी प्लॅस्टिकची पिशवी. मग रव्याचा डबा. मग कपाटातल्या लग्नाच्या शालूची घडी. सगळ्या पाचशेच्या. सासरे दारात उभे. बऱ्याच वेळानं म्हणाले, "आणि मी स्कूटरसाठी सोसायटीचं कर्ज काढलं होतं!" सासूबाई : "सांगितलं असतं तर हे राहिले असते का?"

दुसऱ्या दिवशी बँका बंद, मग त्या रांगा. त्यांच्या एकटीच्या नावावर खातंच नव्हतं, ते त्या निमित्तानं निघालं. आता पासबुक छापायला स्वतः जातात, कोणी बरोबर आलेलं चालत नाही. डब्यात अजूनही असतातच, पण शंभराच्या. मोठी नोट घरात ठेवायची नाही हा त्यांनी काढलेला बोध.

इतिहासाचार्य_हौशी

पिग्मीचं मूळ कर्नाटकात. उडुपीला १९२५ साली सुरू झालेली जी बँक पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखली गेली, तिनं १९२८ मध्ये ही ठेव काढली. माणूस रोज दारात जायचा आणि दोन आणे सुद्धा घ्यायचा. विणकर, छोटे दुकानदार यांच्याकडे महिन्याचा पगार नसतो, रोजची कमाई असते, हे ज्याला सुचलं तो धन्य. ती बँक २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली. सांगली-कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात पिग्मी एवढी का रुजली ते नकाशा बघितला की कळतं.

नानाचीटांग

आचार्य आले. आता धागा शंभरी गाठणार.

बोरीबंदर

भिशी कोणी कशी काढली नाही अजून??? आमच्या बिल्डिंगमध्ये बायकांची भिशी, चिठ्ठी उचलायला कोणाचं तरी लहान मूल. लागली की त्या बाईनं पोहे-चहा द्यायचा. मला नेमकी जूनमध्ये लागली, मुलांची वह्या-पुस्तकं आणि रेनकोट एका फटक्यात. गंमत म्हणजे पहिली लागो की शेवटची, पैसे तेवढेच मिळतात, तरी पहिली लागलेली बाई लॉटरी लागल्यासारखी वागते.

सरळमार्गी

भिशीबद्दल एक सांगतो, राग मानू नका. ओळखीतली, बिल्डिंगमधली ठीक. लिलाव भिशी, "वर्षात दीडपट" वगैरे असेल तिथून लांब राहा. आमच्या पेठेत एक जण सगळ्यांची रक्कम घेऊन गेला. पोलिसांनी पहिला प्रश्न विचारला, कागद काय आहे? कागद काहीच नव्हता.

बोरीबंदर

आमच्या भिशीतली बाई पळून पळून कुठे जाणार, तिसऱ्या मजल्यावर? लिफ्टही बंद असते.

मीठभाकर

आम्ही नगर जिल्ह्यातले. आई बचत गटात होती. माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळाच्या) सहयोगिनी ताई यायच्या, मारुतीच्या देवळात बायका बसायच्या, महिन्याला पन्नास रुपये. गटातूनच कर्ज, शेकडा दोन रुपये महिना व्याज, पण ते व्याज गटातच फिरणार. सावकाराकडे तेव्हा पाच होतं, तिथून हे केवढं मोठं.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. आईला अध्यक्ष केलं आणि बँकेत सही लागते म्हटल्यावर ती रात्री माझ्या पाटीवर स्वतःचं नाव गिरवायची. मी चौथीत. मी तिला "आडवी रेघ विसरलीस" म्हणून ओरडायचो आणि ती हसायची. पुढे नावावर थांबली नाही, एसटीची पाटी वाचायला लागली, मग औषधाची तारीख, मग माझं प्रगतीपुस्तक. ते शेवटचं मला महागात पडलं.

कृष्णाकाठ

मीठभाकर, किती छान लिहिलंत. आई कशा आहेत आता?

मीठभाकर

मजेत. व्हॉट्सॲपवर मला सकाळी सहाला सुविचार पाठवते. गिरवायला शिकवलं त्याची फळं.

पाचतारीख

माझं नावच माझी सवय आहे. पीपीएफमध्ये (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत) पैसे महिन्याच्या ५ तारखेच्या आत टाकायचे. पाच तारखेपासून महिनाअखेरपर्यंत जी सगळ्यात कमी शिल्लक, तिच्यावर त्या महिन्याचं व्याज धरतात. सहा तारखेला टाकले की त्या रकमेचं महिन्याचं व्याज बुडालं. वर्षाचे एकदम टाकणार असाल तर ५ एप्रिलच्या आत. आमचे हेडक्लार्क एक तारखेला सगळ्या टेबलांवरून "पोस्टात जाऊन आलात का" विचारत फिरायचे. त्यांची कटकट वाटायची. आता ऑफिसात तीच कटकट मी करतो.

इडलीचटणी

यूपीआयवाल्यांसाठी. पगाराच्या खात्याला यूपीआय जोडलेलंच नाही. दुसरं एक बिनकामाचं खातं होतं ते जोडलं, दर सोमवारी त्यात आठवड्याचे पैसे टाकते. शुक्रवारी "शिल्लक अपुरी" आलं की शनिवारी घरचीच भजी. आधी चहाचे वीस, पार्किंगचे तीस असे कुठे जायचे ते कळायचंच नाही, नोट मोडताना निदान हात अडखळायचा.

आणि क्रेडिट कार्डाचं पूर्ण बिल भरायचं, ते "किमान देय" भरून समाधान मानायचं नाही. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के होतात, वर जीएसटी. मीठभाकर यांच्या गावचा सावकार परवडला म्हणायची वेळ.

मीठभाकर

नाही हो, तो पाच टक्के महिना होता. वर्षाचे साठ. शिवाय दारात येऊन आईबहीण काढायचा.

इडलीचटणी

कार्डाचे वसुलीवालेही फोनवर काही ओव्या म्हणत नाहीत.

तिखटजाळ

सगळ्यांचं वाचलं. मी जरा उलटं लिहिणार आहे. आमच्या बाबांनी आयुष्यभर एक एक रुपया वहीत लिहिला. "केळी अर्धा डझन, सुतळी, दाढीचं ब्लेड". कधी हॉटेलात बसून डोसा खाल्ला नाही, पार्सल आणायचे कारण तिथे टिप द्यावी लागते. ते गेले तेव्हा एफड्या निघाल्या, भरपूर. आईनं त्यातून पहिली काय केली असेल तर हरिद्वारची यात्रा, आणि ती पूर्ण प्रवास "हे आले असते तर" म्हणत होती. मला त्या वह्या बघवत नाहीत.

त्यामुळे माझ्याकडे दर महिन्याला ठरावीक रक्कम फक्त उडवायची असते. नाटक, मोगऱ्याचा गजरा, काहीही. उरली तर पुढच्या महिन्यात ढकलायची नाही, संपवायचीच. ही पण सवयच, आणि सांगते, लावून घ्यायला बचतीपेक्षा जड गेली.

कृष्णाकाठ

तिखटजाळ, जवळ आलात तर डोसा माझ्याकडून. तिथेच बसून खायचा.

रत्नांग्रीचो_झील

दुबईतून. इथे पगार झाला की घरी पैसे पाठवायच्या एक्स्चेंजसमोर रांग. आमच्या खोलीत एकटा मी रत्नागिरीचा, बाकी केरळ आणि आंध्र, पण नियम एकच : आधी घरी पाठवायचे, मग मेसचे द्यायचे, मग उरेल ते आपलं. रुपया पडला की देश म्हणून वाईट वाटतं आणि खिसा म्हणून बरं वाटतं, काय करणार. फक्त आता थोडे एनआरई खात्यात (परदेशात राहणाऱ्यांचं भारतातलं खातं) स्वतःच्या नावानं ठेवतो. सगळे घरी पाठवले की घराला स्लॅब चढतो, दोन स्लॅब चढतात, आणि परत आल्यावर खायला काही नसतं. आमच्या वाडीत असे बंद बंगले किती ते मोजून बघा.

बोरीबंदर

आमच्या गावीही हेच. तीन मजली घर, राहायला एक म्हातारी आणि मांजर.

पोळीचा_लाडू

मी फक्त रद्दीबद्दल लिहायला आले. रद्दीचे पैसे घरखर्चात मिसळायचे नाहीत, ती वाचनालयाची वर्गणी. आजीनं घातलेला नियम, अजून चालू. रद्दीवाला वजन करताना आजी काट्याकडे असं बघायची की तो स्वतःहून किलोभर वाढवायचा. वर्तमानपत्र बंद करून फोनवर वाचायचं ठरलं तेव्हा माझा एकच आक्षेप होता, मग पुस्तकं कशी आणायची?

सरळमार्गी

वाचनालय चालू आहे तुमच्याकडे? आमच्याकडे बायंडिंग निघालेली पुस्तकं आणि पंखा.

पोळीचा_लाडू

चालू! फक्त संध्याकाळी. ग्रंथपाल बाई नवीन पुस्तक खणात लपवून ठेवतात आपल्या माणसांसाठी. मी आपल्या माणसांत आहे.

बँकेतलीकाकू

निवृत्त झाले म्हणून आता मोकळेपणानं लिहिते. सगळे साठवायचं बोलताय, साठवलेलं कुठे आहे हे घरात सांगून ठेवायची सवय कोणाला आहे? काउंटरला बायका यायच्या, नवरा गेलेला, हातात एक चुरगळलेली पावती, बाकी काही माहीत नाही. मी बघायची ते नेहमी हेच.

आम्ही दर दिवाळीला धाकट्या पाडव्याच्या दुपारी फाइल काढतो. खाती, विमा, लॉकरची किल्ली कुठे, नॉमिनी कोण. मुलगा कंटाळतो, पण बसतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या खात्याला चार नॉमिनी लावता येतात, कोणाला किती टक्के तेही लिहिता येतं, तेवढं करून टाका. दहा वर्षं हात न लावलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण हक्क बुडत नाही. उद्गम नावाचं रिझर्व्ह बँकेचं पोर्टल आहे, त्यावर आजोबा-पणजोबांचं नाव घालून बघा. आणि एका बँकेत सगळं नको. ठेवीवर विमा माणशी, बँकेमागे ५ लाखांपर्यंतच आहे, व्याज धरून.

पाचतारीख

काकू, हे वर चिकटवून ठेवायला हवं.

नानाचीटांग

उद्गमवर आजोबांचं नाव घातलं. काही नाही. आजोबांकडून हीच अपेक्षा होती.

लोकलची_चौथीसीट

मी बचत वगैरे काही करत नाही, चालते. मुंबईत रिक्षाचं किमान भाडं २६ झालं त्या आठवड्यात रागानं स्टेशन ते घर चालायला लागले. राग गेला, चालणं राहिलं. वाचलेले पैसे बाजूला वगैरे टाकले नाहीत, त्याचं काय होतं माहीत नाही. डॉक्टर म्हणाले शुगर उतरली. वाटेतली मासेवाली मात्र आता नावानं हाक मारते, त्यामुळे एकूण खर्च वाढलाय.

आंबेमोहोर

वाढणारच. पापलेट की बोंबील?

लोकलची_चौथीसीट

बोंबील. पापलेट उडवायच्या पैशांतून, तिखटजाळ यांच्या पद्धतीनं.

हळदकुंकू

दसऱ्याला आणि गुढीपाडव्याला एक ग्रॅम सोन्याची वेढणी, म्हणजे नुसत्या तारेचं वळं, घ्यायची, सासरची रीत. दागिना नाही, कारण घडणावळ जाते ती जाते, मोडताना कोणी परत देत नाही. तोळा लाखाच्या वर गेल्यापासून अर्ध्या ग्रॅमवर आले आहे. दुकानातला मुलगा "मॅडम, एवढंच?" म्हणतो. म्हणू दे.

बोरीबंदर

वेढणी सगळीकडे मिळते का? इथे विचारलं तर नाणंच पुढे करतात.

हळदकुंकू

नाणं घेतलंत तरी चालेल की. पावती मात्र नीट घ्या, वजन आणि शुद्धता लिहिलेली. मोडताना तीच मागतात.

सरळमार्गी

पोळीचा_लाडू ताई, विषयांतर आहे, पण तुमचं नाव वाचून आज शिळ्या पोळ्यांचे लाडू करायला घेतले. वळतच नाहीयेत, सगळा भुगा. बायको बाहेरून यायच्या आत काहीतरी सांगा.

पोळीचा_लाडू

गूळ चिरून घातलात का किसून? किसून घाला, तूप पातळ करून वरून, आणि पोळी मिक्सरमध्ये फार बारीक करायची नाही.

सरळमार्गी

बारीकच झालीय.

पोळीचा_लाडू

मग वाटीत घालून वरून दूध. त्याला चुरमा म्हणायचं.