मदत हवी आहे: ओव्हरक्लॉक केलेल्या पीसीसाठी ३२ जीबी रॅम, ३६०० वेगाची सीएल१६ की सीएल१८ (सीएल म्हणजे रॅमला प्रतिसाद द्यायला लागणाऱ्या सायकल; कमी तितकं चांगलं)?

रायझन ५ ५६००एक्स, बी५५० बोर्ड. पीबीओ आणि कर्व्ह ऑप्टिमायझर (प्रोसेसरचा वेग वाढवणाऱ्या आणि व्होल्टेज जुळवणाऱ्या सेटिंग) लावून प्रोसेसर दोन महिने नीट चालतोय, त्यामुळे कृपया त्यावर संशय नको. अडचण मेमरीची आहे.

आधी डीडीआर४ ३२०० सीएल१६ च्या ८ जीबीच्या दोन स्टिक होत्या. व्हिडिओ एडिटिंगला कमी पडतात म्हणून त्याच मॉडेलच्या आणखी दोन आणल्या (इथेच चुकलो). चारही लावून एक्सएमपी (रॅमचा जाहीर वेग लावणारं बायोसमधलं प्रोफाइल) चालू केलं की मेमटेस्टमध्ये (रॅम तपासणारा प्रोग्राम) एरर. २६६६ वर मात्र सगळं ठीक. प्रत्येक जोडी एकटी लावली तर ३२०० वर स्वच्छ पास. बायोस नवीन आहे, रॅमचं व्होल्टेज १.३५ वरून १.४० केलं, स्लॉट बदलून पाहिले. काही फरक नाही.

आता चारही विकून १६ × २ चा एकच किट घेणार. जुन्या जोडीवर टायमिंग सैल करून ३६०० आणि एफसीएलके (प्रोसेसरच्या आतल्या जोडणीचा वेग) १८०० रात्रभर चालवलं, एरर नाही. पण हिशेबाने ३६०० सीएल१८ ची लेटन्सी १० नॅनोसेकंद, म्हणजे माझ्या ३२०० सीएल१६ एवढीच! ३६०० सीएल१६ ची सुमारे ८.९, पण तो किट बराच महाग पडतोय.

कूलरचा पंखा स्लॉटवर येतो, त्यामुळे उंच हीटसिंक चालणार नाही. बोर्ड बदलायचा नाही, म्हणून डीडीआर५ सुचवू नका.

ड्युअल रँकचा (एका स्टिकवर चिपचे दोन गट असलेला) सीएल१८ किट घेऊन कोणी हाताने सीएल१६ वर स्थिर चालवलाय का? चालवला असेल तर किती व्होल्टेजवर, आणि चिप कोणती होती?