मदत हवी आहे: बॅनर अर्धा रंगवून अडलाय

नमस्कार मंडळी. मुंबई सिटी या आयएसएलमधल्या (देशातली फुटबॉल लीग) क्लबचा २०१४ पासूनचा चाहता. नेरुळच्या डी. वाय. पाटीलला जायचो, आता अंधेरीला.

आम्ही लालबागची दहा पोरं मॅचसाठी कापडी बॅनर करतोय. आईची जुनी चादर पोटमाळ्यावर अंथरली, आकाशी रंग आणला. 'क्लब चाहत्यांचा' लिहायचं होतं. 'क्लब' रंगवून झालं आणि दोघांनी ब्रश खाली ठेवले. म्हणे, खेळात राजकारण आणू नका.

मला हे अजिबात पटत नाही. २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने (मँचेस्टर सिटीचे मालक) क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला, त्यामागे अबू धाबीच्या राजघराण्याचा पैसा होता. डिसेंबर २०२५ मध्ये ग्रुप बाहेरही पडला. २०२०-२१ ला लीगची शील्ड (साखळीत पहिलं आल्याबद्दल) आणि कप (फायनल जिंकल्याबद्दल) दोन्ही आले तेव्हा मीही रस्त्यावर नाचलो, नाकारत नाही. पण आम्हाला कधी कुणी विचारलं का? ऑगस्ट २०२२ मध्ये बाहेरच्या हस्तक्षेपावरून फिफाने आपल्या भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केलं. गोकुलम केरळ क्लबच्या मुली आशियाई स्पर्धेसाठी उझबेकिस्तानात पोहोचल्या होत्या, तरी न खेळता परत आल्या. त्यांनी कुठलं राजकारण आणलं होतं?

जर्मनीत क्लबची निम्म्याहून जास्त मतं साधारणपणे सभासदांकडेच राहतात. हे मित्रांना समजावायला मराठीत काही सोपं वाचायला आहे का? आणि ज्यांनी अंधेरीला बॅनर आत नेलाय त्यांनी सांगा, परवानगी कुणाकडून, किती दिवस आधी घ्यायची? काठी चालते का? चादर सात फुटांची आहे.