सोलापूरचा रेडीरेकनर 10 टक्के वाढला म्हणून 'घर तिकडं घ्या' सांगणाऱ्यांसाठी

जुळेसोलापूरकर:
परवा इथं एकानं लिहिलं की पुण्यात घर घेणं म्हणजे 20 वर्षांची हमाली, शहाण्यानं पुण्यात भाड्यानं राहावं आणि घर घ्यायचंच तर सोलापूरसारख्या ठिकाणी घ्यावं. कारण काय तर 1 एप्रिल 2025 च्या रेडीरेकनरमध्ये राज्यात सगळ्यात जास्त वाढ सोलापूर मनपाला, 10.17 टक्के, आणि पुणे मनपा फक्त 4.16. म्हणजे म्हणे 'भाव आता तिकडं पळतायत'. खाली सगळे वा वा करतायत. दोन दिवस गप्प बसलो, आज राहवत नाही.

रेडीरेकनर म्हणजे बाजारभाव नव्हे हो. तो स्टॅम्प ड्युटी कशावर घ्यायची त्याचा सरकारी दर. तो वाढला म्हणून गिऱ्हाईक वाढत नाही, गिऱ्हाइकाचा खर्च वाढतो. आमच्याकडं 6 टक्के ड्युटी, वर नोंदणी फी.

आमचा जुळे सोलापूरचा फ्लॅट 14 महिने विकायला काढलाय. टू बीएचके, दुसरा मजला, लिफ्ट नाही. 2011 ला वडिलांनी 17 लाखाला घेतला होता. आईच्या गुडघ्यांमुळं आम्ही खालच्या रो हाऊसमध्ये आलो आणि तो रिकामा पडला. आधी 34 सांगितले, मग 31, आता 29. एजंटनं गॅलरीला लावलेला 'विकणे आहे' चा बोर्ड उन्हानं इतका उडालाय की मोबाईल नंबरचे शेवटचे दोन आकडे दिसत नाहीत. 11 पार्ट्या येऊन गेल्या. हॉल नाही बघत कुणी, किचन नाही बघत. थेट गच्चीवर जातात, टाकीचं झाकण उचलतात आणि विचारतात, पाणी किती दिवसाआड?

बाकीचं जनगणनेत बघा. 2001 ला शहर 8 लाख 72 हजार, 2011 ला 9 लाख 51 हजार, 10 वर्षांत 9 टक्के. तेवढ्याच काळात पिंपरी-चिंचवड 10 लाखावरून 17 लाखावर. आमच्या वर्गातली निम्मी पोरं वाकड, रावेत, हिंजवडीत हप्ते भरतायत. सोलापूरचा पगारदार पोरगाच सोलापुरात नाही तर फ्लॅट घेणार कोण? कृपा करून बाहेरून बसून एक आकडा बघून लोकांचे पैसे इकडं अडकवू नका.

हडपसर_आठवामजला:
पोस्ट माझी होती त्यामुळे उत्तर देतो. मी पण सोलापूरचाच आहे, साखर पेठेतला, बाहेरचा नाही. हडपसरला 84 लाखाचा फ्लॅट घेतलाय, ॲग्रीमेंटवर एरिया वाचून खूश झालो होतो आणि हातात कार्पेट, म्हणजे आतली वापरायची जागा, आली 640 चौरस फूट. हप्ता 58 हजार. रिझर्व्ह बँकेचा रेपो रेट फेब्रुवारी ते जून 2025 मध्ये एक टक्का खाली आला तरी बँकेनं हप्ता कमी न करता मुदत कमी केली, म्हणजे महिन्याच्या हातात फरक शून्य. मुलीला दिवसातून एक तास बघतो मी. हे सगळं भोगून लिहिलं होतं, गंमत म्हणून नाही.

आणि रेडीरेकनर कुणी स्वप्नात बघून ठरवत नाही. वर्षभर झालेले दस्त बघूनच दर काढतात ना? कुणीतरी जास्त भावानं घेतलं असेल तेव्हाच सरकारी दर वाढला. तुमचा एक फ्लॅट विकला जात नाही म्हणून अख्खं शहर मेलं असं नसतं.

दस्तवाली_ताई:
19 वर्षं दस्त लिहिते, वकील आहे, सोलापुरातच. दोघांचंही थोडं थोडं चुकतंय.

पहिलं, एप्रिल 2022 नंतर 2 वर्षं दर वाढवलेच नव्हते, त्यामुळे 2025 ला जी वाढ दिसली ती तुंबलेली वाढ आहे. मुंबई सोडून राज्याची सरासरी 4.39 होती. एका वर्षात भाव 10 टक्के पळाले असा अर्थ काढू नका. दुसरं, दस्त होतात म्हणजे कशाचे होतात? माझ्याकडं 10 दस्त आले तर 7 जागेचे असतात. सोलापूरचा माणूस फ्लॅट घेत नाही हो, जागा घेतो. अक्कलकोट रोड, होटगी रोड, बाळे, केगाव, तिकडं प्लॉट घेऊन ठेवतात, बांधतात 10 वर्षांनी नाहीतर मुलीच्या लग्नात विकतात. जागेचे भाव खरंच वाढलेत. विमानतळासाठी सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी जून 2023 ला पाडली, 2 वर्षांनी गोव्याचं विमान सुरू झालं, तोपर्यंत होटगी रोडला किती विसार पावत्या फाटल्या ते मी बघितलंय. त्या जागेच्या दस्तांचं ओझं दुसऱ्या मजल्यावरच्या 14 वर्षं जुन्या फ्लॅटनं का उचलायचं, हा खरा प्रश्न आहे.

पेठेतला_जुना:
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पुण्याचे भाव वाढवले कुणी? सोलापूर, लातूर, नांदेड, सगळा महाराष्ट्र इथं येऊन बसलाय. आम्ही चार पिढ्या इथं आणि आमच्या पोराला कोथरूड परवडत नाही म्हणून तो उंड्रीला गेला. तिथं नळ नाही, टँकर. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही धरणं मिळून 29 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी, त्यात शहरानं किती प्यायचं? आणि वर शेतीचं आवर्तन खाली सोडा म्हणून आरडाओरडा. पाणी आमचं, रस्ते आमचे, आणि नावं पण आम्हालाच.

जुळेसोलापूरकर:
पाणी तुमचं?? काका, हे वाक्य मागे घ्या.

तुम्ही वापरून सोडलेलं पाणी मुठेतून मुळा-मुठेत, तिथून भीमेत आणि भीमेतून उजनीत येतं. ते आम्ही पितो. आमच्या घरी चार दिवसाआड नळ येतो, पहिली पाच मिनिटं बादलीत हिरवट पाणी, त्याला वास येतो, आई ते झाडांना पण घालत नाही. पुढचं भरायचं, तुरटी फिरवायची, कपड्यानं गाळायचं, उकळायचं. उजनी 117 टीएमसीचं धरण, राज्यातल्या मोठ्यांपैकी एक, आणि त्याच्या नावावर जगणारं शहर चार दिवस पिंप भरून ठेवतं. 110 किलोमीटरची समांतर जलवाहिनी झाली, अजून आमच्या गल्लीचा वार बदलला नाही. माझा फ्लॅट विकला जात नाही त्याचं कारण तुमच्या गटारात सापडेल.

वाघोली_टँकर:
यात मला पण बोलायचंय कारण आम्ही 'पुणेकर' म्हणून पाणी पितोय असं सगळ्यांना वाटतं. 2016 ला वाघोलीत 42 लाखाला घेतला. बिल्डरनं महापालिकेचं पाणी येणार म्हणून कागद दाखवला होता. मे महिन्यात आमच्या सोसायटीत दिवसाला 14 टँकर. मी कमिटीत होतो, टँकरवाल्याच्या वहीवर रात्री अडीचला उठून सह्या केल्यात, कारण सही केली नाही तर पुढचा टँकर दुसरीकडं जातो. मेंटेनन्स 2,800 वरून 6,100. फ्लॅटची किंमत आज 70 सांगतात, बरोबर आहे, पण हा पाण्याचा दुसरा हप्ता त्यातून वजा करणार की नाही? आणि हो, विकायला काढला तर इथं महिन्यात जातो. तेवढं पुण्याचं मान्य करायलाच लागेल.

पेठेतला_जुना:
मैलापाण्याचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, ते मी नाकारत नाही. मुठेकाठी लहानपणी पोहलोय, आज पुलावरून जाताना नाक दाबतो. पण त्यासाठी सामान्य पुणेकराला शिव्या घालू नका. कर भरतोच की आम्ही.

उजनीकाठ_करमाळा:
तुम्ही दोघं ज्या पाण्यावर भांडताय त्याच्या तळाशी आमचं घर आहे.

आजोबांची 22 एकर काळी, भीमेकाठची. धरण 1980 ला झालं, त्याआधीच उठवलं आम्हाला. बदल्यात मिळाली ती मुरमाड, तीन ठिकाणी तुकडे. पाणी खाली गेलं की जुन्या पळसदेवचं देऊळ वर येतं आणि पुण्या-मुंबईची माणसं फोटो काढायला येतात. 2024 च्या उन्हाळ्यात उजनी उणे 60 टक्क्यांपर्यंत गेली, म्हणजे वापरायचा साठा संपून तळाचा मृतसाठाही उपसला, तेव्हा मी वडिलांना घेऊन गेलो होतो. त्यांनी चिखलात चालत जाऊन विहिरीचं कडं दाखवलं, आपली विहीर म्हणाले. तुम्ही स्क्वेअर फुटावर बोलताय, आमचा भाव तेव्हाच्या सरकारनं एका ओळीत लिहून दिला होता आणि त्यावर कुणी धागा काढला नाही.

आता त्याच धरणाच्या कडेला गुंठ्यानं जागा विकायला एजंट फिरतात, 'बॅकवॉटर व्ह्यू'. आम्हाला फोन येतात की तुमच्याकडं व्ह्यूवाली जमीन आहे का.

हडपसर_आठवामजला:
दादा, तुमचं दुःख मोठंच आहे. पण विषय घरांच्या भावाचा होता, तो पार धरणात गेला.

उजनीकाठ_करमाळा:
विषय धरणातच आहे. पाणी जिथं जाईल तिथं भाव जातो. हे तुम्ही वर तिघांनी स्वतःच लिहिलंय, परत वाचा.

विडीघरकुल:
मी सगळं वाचलं. सोलापुरात गिऱ्हाईक नाही असं जे वर लिहिलंय त्यावर माझा आक्षेप आहे.

माझी आई 31 वर्षं विड्या वळतेय. अशोक चौकाकडं 10 बाय 12 च्या खोलीत आम्ही पाच जण, भाड्यानं. कुंभारीला रे नगरमध्ये तिला घर मिळालं. 30 हजार घरांचा प्रकल्प आहे तो, 19 जानेवारी 2024 ला पंतप्रधानांच्या हातून पहिल्या 15 हजार घरांचं वाटप झालं. त्या घरांसाठी विडी कामगार, यंत्रमाग कामगार वर्षानुवर्षं मोर्चे काढत होते, आई पोलिसांच्या लाठ्या खाऊन आलीय. म्हणजे या शहरात 30 हजार गिऱ्हाईक उभं होतं साहेब. त्यांच्या ऐपतीत कुणी बांधत नव्हतं एवढंच. बिल्डर बांधणार 35 लाखाचा फ्लॅट, तो घेणारा पोरगा पुण्यात, आणि 8 लाख जमवू शकणारा माणूस इथं. मग म्हणायचं मार्केट डाऊन आहे.

किल्ली मिळाली त्या दिवशी आईनं कुलूप चार वेळा लावलं आणि उघडलं. तिला विचारा मार्केट काय असतं. गावापासून लांब पडतं, विडीचा माल आणायला रिक्षाला पैसे जातात, ते पण खरं आहे. तरी ती परत त्या खोलीत जायचं नाव काढत नाही.

जुळेसोलापूरकर:
भाऊ, तुमचं बरोबर आहे. मी गिऱ्हाईक नाही म्हणालो ते माझ्या फ्लॅटच्या गिऱ्हाइकाबद्दल होतं, शहराबद्दल तसं म्हणायला नको होतं.

हडपसर_आठवामजला:
मी पण एवढं मान्य करतो की रेडीरेकनरवरून काढलेला निष्कर्ष चुकला. ताईंनी जागा आणि फ्लॅटचा फरक सांगितला तो मला माहीत नव्हता. पण मूळ म्हणणं सोडत नाही. 58 हजार हप्ता देऊन मी जे घेतलं ते घर नाही, झोपायची जागा आहे. दर शनिवारी हुतात्मा एक्सप्रेसला डबा भरून सोलापूरकर गावाकडं का जातात? मनानं कुणीच पुण्यात राहत नाही. रिटायर झाल्यावर मी येणार, आणि तेव्हा भाव तुमच्या हातात नसतील.

जुळेसोलापूरकर:
या की. घ्यायला या, सल्ला द्यायला नको. 29 सांगतोय, बसून बोलू.

हडपसर_आठवामजला:
लिफ्ट नाही म्हणालात ना. आईबाबांना दुसरा मजला जमणार नाही.

जुळेसोलापूरकर:
हेच 11 पार्ट्यांनी सांगितलं.

जुळेसोलापूरकर: (चार दिवसांनी)
बारावी पार्टी आली. सैफुल भागातले शिक्षक, नवराबायको दोघं. पाण्याचं खरं सांगितलं, चार दिवसाआड, बोअर आहे पण मार्चनंतर भरवसा नाही. त्यांनी 27.50 म्हटलं. घरात सगळ्यांचं मत देऊन टाका असं आहे. ताई, काही अडचण?

दस्तवाली_ताई:
हो म्हणायच्या आधी सरकारी व्हॅल्यू, म्हणजे रेडीरेकनरनं निघणारी किंमत काढा, इमारत जुनी म्हणून मिळणारा घसारा धरून. व्यवहाराच्या रकमेपेक्षा ती 10 टक्क्यांहून जास्त निघाली तर इन्कम टॅक्सला तुमची विक्री सरकारी व्हॅल्यूनंच धरतील आणि वरचा फरक घेणाऱ्याच्याही उत्पन्नात जाईल. शिक्षक माणूस, पगारदार, त्यांना ती नोटीस नको. आणि दस्त बाईंच्या एकटीच्या नावावर केला तर ड्युटीत 1 टक्का वाचतो, त्यांना सांगा.

जुळेसोलापूरकर:
काढली. 30.90 आली. 27.50 वर 10 टक्के म्हणजे 30.25, बाहेर जातंय. दर वाढायच्या आधी, मार्च 2025 मध्ये हीच व्हॅल्यू 28 च्या आसपास होती, तेव्हा आरामात बसलं असतं. आता किमान 28.10 घ्यावे लागतात. फोन करून सगळं समजावून सांगितलं. सर म्हणाले, 60 हजार म्हणजे माझा महिन्याचा पगार आहे, घरी विचारून रविवारी सांगतो.