गाडीतला सॅटेलाइट रेडिओ: एक्सएम की सिरियस, हे ठरवलं कोणी?

द्राक्षवेल (नाशिक)

एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला अमेरिकेतल्या एक्सएम आणि सिरियस या दोन सॅटेलाइट रेडिओ कंपन्यांची केस दिली आहे. दोघींची सेवा २००१-०२ मध्ये सुरू झाली आणि २००८ मध्ये त्या एक झाल्या. मला एक कळत नाहीये. एवढा पैसा गाडी कंपन्यांच्या मागे का ओतला? चांगले कार्यक्रम द्यायचे, दुकानात रेडिओ विकायचे, ज्याला जो आवडेल तो तो घेईल, असं का नाही केलं? आमचे सर म्हणतात की गाडी कंपन्यांशी एक्सक्लुझिव्ह करार करायची चढाओढ हीच स्पर्धा. मला ते पटत नाही. त्या काळात तिकडे कोणी होतं का?

एडिसनकर

मी फक्त ऐकणारा, त्यामुळे तेवढंच सांगतो. आमच्या २००४च्या होंडा अकॉर्डमध्ये एक्सएम बसवूनच आला होता, आम्ही मागितला नव्हता. ऑफिसातल्या एकाकडे जीएमची (जनरल मोटर्स) गाडी, म्हणजे त्याच्याकडेही एक्सएमच. तो हॉवर्ड स्टर्न या रेडिओ निवेदकाचा भक्त. स्टर्न जानेवारी २००६ पासून सिरियसवर गेला. मग या गड्याने सिरियसचा वेगळा डबा आणला, छतावर चुंबकाची अँटेना चिकटवली आणि तिची वायर दाराच्या रबरातून आत घेतली. गाडीत एक सॅटेलाइट रेडिओ असताना दुसरा! एवढी खटपट करणारे किती असतील?

जुना रेडिओवाला (ट्रॉय, मिशिगन)

द्राक्षवेल, तुमची शंका रास्त आहे. त्या काळात मी डेट्रॉइटजवळ गाड्यांचे रेडिओ बनवणाऱ्या एका सप्लायरकडे होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पैशाचं गणित. १९९७ मध्ये एफसीसीने (अमेरिकेचं दूरसंचार नियामक मंडळ) लिलाव केला आणि दोनच परवाने दिले. सीडी रेडिओने (हीच पुढे सिरियस) ८ कोटी ३३ लाख डॉलर मोजले, अमेरिकन मोबाइल रेडिओने (ही पुढे एक्सएम) जवळपास ९ कोटी. त्यानंतर उपग्रह, ते सोडण्याचा खर्च, स्टुडिओ, जमिनीवरचे रिपीटर (उपग्रहाचा सिग्नल पुन्हा प्रक्षेपित करणारी केंद्रं). वर्गणीचा पहिला डॉलर यायच्या आत प्रत्येकीचे शंभर कोटींहून जास्त डॉलर गेले होते. ऐकणारे शंभर असोत की एक कोटी, हा खर्च तेवढाच. म्हणजे भराभर माणसं जोडणं भाग होतं, आणि अमेरिकेत महिन्याला पैसे मोजून रेडिओ ऐकेल असा माणूस सापडणार कुठे, तर गाडीत.

गाडीत मात्र वस्तू सहज शिरत नाही. मॉडेल रस्त्यावर येण्याच्या तीन-चार वर्षं आधी डॅशबोर्डमधली जागा, वायरिंग हार्नेस (गाडीतल्या तारांचा जुडगा), छतावर अँटेनासाठी भोक कुठे पाडायचं, हे सगळं गोठवलेलं असतं. एक्सएमचा चिपसेट वेगळा, सिरियसचा वेगळा. दोन्ही द्यायचे तर खर्च दुप्पट, आणि गाडी कंपनीचा खरेदी विभाग आमच्याकडून एकेका डॉलरचा हिशेब मागायचा. त्यामुळे एका मॉडेलमध्ये एकच कंपनी, हे सेवा सुरू होण्याच्या कितीतरी आधी ठरून गेलं. जून १९९९ मध्ये जनरल मोटर्सने एक्सएमशी बारा वर्षांचा करार केला आणि त्याच महिन्यात फोर्डने सीडी रेडिओचा हात धरला. पुढच्या वर्षी डेमलरक्रायस्लरने सिरियसमध्ये १० कोटी डॉलर घातले. होंडा एक्सएमकडे, बीएमडब्ल्यू सिरियसकडे. जीएम आणि होंडा तर एक्सएमच्या भागधारकही झाल्या. ज्याच्या दारातून आत जायचं तोच मालकीत वाटेकरी.

करारात काय असायचं ते बघा. रेडिओच्या किमतीचा काही भाग सॅटेलाइट कंपनी उचलायची. कारखान्यात रेडिओ बसवल्याबद्दल गाडी कंपनीला पैसे मिळायचे. वर ग्राहकाच्या मासिक वर्गणीतही तिचा वाटा. म्हणजे चढाओढ होती, जोरदार होती, पण ती गाडी कंपनीला कोण जास्त देतो याची. ऐकणाऱ्याला कमी पैशात जास्त काय मिळेल, हा प्रश्न त्या टेबलावर कधी आला नाही.

माझा जीव ज्यात अडकला होता ते तंत्र सांगतो. एक्सएमचे दोन उपग्रह विषुववृत्तावर स्थिर होते. डेट्रॉइटहून ते दक्षिणेला बरेच खाली दिसतात, म्हणून उंच इमारतींमध्ये सिग्नल अडतो आणि शहरांत शेकडो रिपीटर लावावे लागतात. यावर त्यांनी छान तोड काढली होती. एका उपग्रहावरून तोच कार्यक्रम चार सेकंद उशिरा यायचा. पुलाखाली सिग्नल तुटला तर रिसीव्हर साठवलेल्या आवाजाने ती फट भरून काढायचा. आम्ही हायवेवरच्या पुलांखालून गाडी मुद्दाम हळू नेत असू. गाणं अखंड चालू राहिलं की मागच्या सीटवरचा लॅपटॉपवाला अंगठा दाखवायचा. सिरियसचे तीन उपग्रह 8 च्या आकारात फिरायचे आणि उत्तर अमेरिकेवर खूप उंच चढायचे, त्यामुळे त्यांना रिपीटर थोडे पुरत. इंजिनिअर म्हणून मला सिरियसची कक्षा आजही जास्त आवडते. पण शोरूममध्ये कॅडिलॅक (ही जीएमचीच गाडी) घेणाऱ्याला हे कोणी विचारलं? त्याने कॅडिलॅक घेतली आणि एक्सएम घरी आला. शून्य नंबरच्या चॅनलवर आठ अक्षरांचा रेडिओ आयडी दिसायचा, तो कळवला की सेवा चालू. पहिले काही महिने फुकट, मग साधारण निम्मे लोक पैसे भरत राहायचे.

२००६ अखेर एक्सएमकडे ७६ लाख आणि सिरियसकडे ६० लाख ग्राहक होते. तरी दोघींनाही एका वर्षाचाही नफा दिसला नव्हता.

आता तुमच्या सरांच्या मुद्द्याला थेट उत्तर. फेब्रुवारी २००७ मध्ये विलीनीकरण जाहीर झालं. मार्च २००८ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने हरकत न घेता चौकशी बंद केली. त्यांच्या कारणांपैकी एक असं होतं की गाडी कंपन्यांशी झालेले करार इतके लांब मुदतीचे आहेत की त्या बाजारात पुढची कित्येक वर्षं या दोघींत फारशी स्पर्धा उरलेलीच नाही. ज्या करारांना सगळे स्पर्धा म्हणत होते, तेच करार स्पर्धा नसल्याचा पुरावा ठरले. याचं मला अजून वाईट वाटतं. कारण परवाने देतानाच नियम होता की दोन्ही सेवा पकडणारा रिसीव्हर तयार करायचा. दोघींनी त्यावर एकत्र काम करायचं कबूल केलं, पण असा रिसीव्हर विलीनीकरणापर्यंत दुकानात आला नाही. तो गाड्यांमध्ये आला असता तर तुम्ही म्हणता तसं झालं असतं, ऐकणाऱ्याने निवडलं असतं.

पेठेतला श्रोता (पुणे)

आपल्याकडचा वर्ल्डस्पेस हा सॅटेलाइट रेडिओही याच घराण्यातला. एक्सएमच्या सुरुवातीच्या काळात वर्ल्डस्पेसचा पैसा तिच्यात होता, १९९९ मध्ये ते बाहेर पडले. आमच्याकडे रिसीव्हर होता. अँटेना आग्नेयेकडच्या खिडकीत ठेवून कोन जुळवला की 'गंधर्व'वर दिवसभर शास्त्रीय संगीत. पण ते घरातच. गाडीसाठी जमिनीवर रिपीटर हवेत आणि ते इथे उभे राहिलेच नाहीत. ३१ डिसेंबर २००९ ला भारतातली सेवा बंद झाली.

द्राक्षवेल

काका, मनापासून आभार. एकच विचारते. विलीन झाल्यावर गाडी कंपन्यांवरचं अवलंबित्व कमी झालं का?

जुना रेडिओवाला

नाही. जुलै २००८ मध्ये विलीनीकरण पुरं झालं आणि त्याच वर्षाअखेर अमेरिकेत गाड्यांची विक्री कोसळली. नवे ग्राहक गाड्यांमधूनच यायचे, तो नळच बारीक झाला. फेब्रुवारी २००९ मध्ये लिबर्टी मीडिया या अमेरिकन माध्यम कंपनीने ५३ कोटी डॉलरचं कर्ज दिलं म्हणून दिवाळखोरी टळली. एफसीसीने तीन वर्षं दर वाढवायला बंदी घातली होती. ती उठल्यावर जानेवारी २०१२ पासून महिन्याचे १२.९५ डॉलर १४.४९ झाले. केसमध्ये हा आकडा नसेल तर तुम्ही तो जरूर मांडा.