सिम काढून फक्त वायफायवर फोन चालवता येईल का?

मंदगती:
नमस्कार मंडळी. माझा सगळा दिवस घर आणि कामाची जागा या दोन ठिकाणीच जातो, आणि दोन्हीकडे वायफाय आहे. घर तळमजल्यावर, भिंती जाड. त्यामुळे मोबाइलची रेंज जेमतेम एक कांडी. बोलायचं तर खिडकीला चिकटून उभं राहावं लागतं.

मी असं ठरवते आहे: सिम बंद करायचं, इंटरनेटवरून चालणारा एक नंबर घ्यायचा आणि हाच फोन वायफायवर वापरायचा. रस्त्यात असताना कुणाचा फोन लागला नाही तरी चालेल, खरं तर मला तेच हवं आहे. पण आई एकटी राहते. तिच्याकडे बटणांचा साधा फोन आहे, त्यावर ॲप नाही आणि ती शिकणारही नाही. तिने नंबर दाबला की माझ्याकडे वाजलं पाहिजे. कुणी असं केलंय का? आवाज नीट येतो का? आणि नंतर कुठे अडतं?

शेवटचाबाक:
सिम कशाला काढता? सेटिंगमध्ये 'वायफाय कॉलिंग' असतं, ते चालू करा. रेंजचा प्रश्न मिटला.

मंदगती:
धन्यवाद, ते करून बघते. पण मला बाहेर पडल्यावर फोनपासून सुटकाही हवी आहे, म्हणून सिमच नको असं वाटतंय.

तारजोड:
आयपी फोन, म्हणजे इंटरनेटवरून चालणारे फोन, बसवणं हेच माझं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वर सुचवलेलं वायफाय कॉलिंग आणि तुमच्या मनातली योजना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वायफाय कॉलिंगमध्ये तुमचा फोन इंटरनेटवरून मोबाइल कंपनीपर्यंत एक सुरक्षित जोडणी करतो आणि तुमची ओळख सिमच पटवतं. नंबर तोच राहतो. विमान मोड लावून नुसतं वायफाय चालू ठेवलंत तरी कॉल येतात, म्हणजे बाहेर पडताना तसं केलंत की सुटका आपोआप होते. तुमच्या योजनेत मात्र नंबर एसआयपी सेवेकडे, म्हणजे इंटरनेटवरून कॉल जोडून देणाऱ्या कंपनीकडे, राहतो, सिमचा संबंधच उरत नाही. तोच नंबर जुना मोबाइल, टेबलावरचा फोन आणि संगणक यांवर एकाच वेळी वाजवता येतो. अँड्रॉइड १२ किंवा त्यानंतरच्या आवृत्तीसह आलेल्या फोनमध्ये एसआयपीची आतली सोय नसते, वेगळं ॲप घ्यावं लागतं. ॲप निवडताना पुश सूचना, म्हणजे कॉल आला की झोपलेल्या फोनला जागं करण्याची सोय, आहेत ना ते आधी बघा. नाहीतर स्क्रीन बंद झाल्यावर काही वेळाने फोन झोपी जातो आणि आईचा कॉल वाजतच नाही. तुमच्यासाठी हा मुद्दा आवाजापेक्षाही मोठा आहे.

आता आवाजाचं. बोलण्याला वेग फार लागत नाही. जी.७११ या आवाज डिजिटल करण्याच्या जुन्या पद्धतीत आवाज सेकंदाला ६४ किलोबिट घेतो, तो ज्या छोट्या पाकिटांतून जातो त्यांवरचं वेष्टण धरून साधारण ८० ते ९०. ओपस ही नवी पद्धत त्याहून कितीतरी कमीत भागवते. म्हणून नेट किती वेगवान आहे यावर काही ठरत नाही, ठरतं ते उशिरावर. एका दिशेने आवाज पोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू नये, अशी आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस आहे. त्याच्या बरंच पुढे गेलं की माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. घरात कुणी मोठी फाइल वर चढवायला घेतली की राउटरमध्ये पाकिटांची रांग लागते आणि नेमका तेव्हाच आवाज तुटतो. राउटरमध्ये एसक्यूएम, म्हणजे ही रांग वाढू न देणारी सोय, असेल तर ते लावा आणि अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगापेक्षा थोडी खाली ठेवा. फोन वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर जोडा, २.४ वर मायक्रोवेव्ह आणि ब्लूटूथचीही गर्दी असते. जाड भिंतींतून ५ कमी जातं, तेव्हा जिथे बसून बोलता तिथे सिग्नल पाहून घ्या. शिवाय राउटरमध्ये 'एसआयपी एएलजी' नावाचं काही दिसलं तर ते बंद करा, ते एसआयपी कॉलच्या मजकुरात परस्पर बदल करतं. एकाला ऐकू येतंय पण दुसऱ्याला नाही, या तक्रारीमागे पुष्कळदा तेच असतं.

इतकं केलं की बोलणं उत्तम होतं. खरी अडचण बोलण्यात नाहीच. मोबाइल नंबर आता तुमच्या दाराची किल्ली झाला आहे. बँक, ईमेल, सरकारी खाती सगळीकडे ओटीपी त्यावर येतो. इंटरनेटचे नंबर बऱ्याच संस्था ओळखतात आणि नाकारतात, बँका वगैरे ज्या पाच-सहा आकडी छोट्या कोडवरून संदेश पाठवतात, ते तर अनेकदा पोचतच नाहीत. आणि बंद केलेला नंबर काही काळाने कंपनी दुसऱ्याला देते. मग तुमच्या खात्याचा पासवर्ड बदलायचा संदेश एका अनोळखी माणसाच्या हातात पडतो. हे कृपया हलक्यात घेऊ नका. सिम बंद करण्याआधी एकेका खात्यात जाऊन नंबर काढा. जिथे सोय असेल तिथे ऑथेंटिकेटर ॲप लावा. ते सहसा दर ३० सेकंदांनी नवा कोड बनवतं आणि त्याला नेटही लागत नाही. परतीचे कोड, म्हणजे फोन हरवला तर खात्यात शिरायला मिळणारे कोड, कागदावर लिहून ठेवा.

बिनतारी:
मी बराच काळ असाच राहतो आहे, मला मानवलं. दोन गोष्टी सांगतो. सार्वजनिक वायफायवर विसंबू नका, लॉगिनचं पान उघडून होकार दिल्याशिवाय नेट सुरू होत नाही आणि तोवर फोन मुका. दुसरं म्हणजे, बोलत बोलत दाराबाहेर पडलात की कॉल तिथेच तुटतो. भेटीची वेळ आधी ठरवायची सवय लागते, आणि ती सवय मला आवडते.

मंदगती:
तारजोड, फारच उपयोगी. एक मोठी शंका आहे. आईला माझा आताचा नंबर पाठ आहे, नवा तिच्या लक्षात राहणार नाही. पण बँकेतही तोच नंबर आहे. आणि रात्री वीज गेली तर?

तारजोड:
हा पेच खरा आहे. आताचा नंबर एसआयपी सेवेकडे नेता येत असेल, तर आईला काही नवीन शिकावं लागत नाही, पण त्याच क्षणी ओटीपी बेभरवशाचे होतात. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी नवा इंटरनेट नंबर घ्या. मग सिमवरचे सगळे कॉल तिकडे वळवा. बऱ्याच कंपन्यांत तारा तारा २१ तारा, नवा नंबर आणि शेवटी हॅश असं दाबलं की ते होतं, न झाल्यास कंपनीला विचारा. हे वळवणं कंपनीच्या यंत्रणेत होतं, त्यामुळे सिम कपाटात असलं तरी चालतं. वळवलेल्या कॉलचे पैसे तुम्हाला लागतात का तेवढं विचारून घ्या. एसएमएस वळत नाहीत, ते सिमवरच येतात, म्हणजे ओटीपी हवा तेव्हा सिम फोनमध्ये घालायचं. सगळी खाती मोकळी झाली की मगच जुना नंबर हलवा.

विजेसाठी राउटर आणि फायबरचा डबा या दोन्हींना छोटा यूपीएस लावा, नुसत्या राउटरला लावून भागत नाही. एसआयपी सेवेत 'नोंद नसेल (म्हणजे तुमचा फोन सेवेशी जोडलेला नसेल) तर कॉल अमुक नंबरवर पाठवा' अशी सोय बहुधा असते. तिथे शेजारच्या विश्वासू माणसाचा नंबर त्यांना विचारून टाका. आईचा कॉल कुठेतरी वाजायलाच हवा.

आणि तुमच्या स्वतःच्या अडचणीचं. इंटरनेट नंबरवरून आणीबाणीचा कॉल लागला तरी तुम्ही कुठे आहात हे पलीकडच्याला कळेलच असं नाही, सेवेकडे पत्ता नोंदवता येत असेल तर लगेच नोंदवा. बऱ्याच देशांत सिम नसलेल्या फोनवरून ११२ लागतो, पण सगळीकडे नाही. तुमच्याकडचा नियम बघून ठेवा. घरात रेंज एकच कांडी आहे, तेव्हा खिडकीपाशी ती मिळते हे घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या.

मंदगती:
मग सिम इतक्यात बंद करत नाही. या आठवड्यात खात्यांची यादी करते आणि राउटरमध्ये ते एएलजी शोधते. ॲपचं नाव ठरलं की इथेच विचारेन, पुशचं बघून सांगाल का?

तारजोड:
नक्की. फोनचं मॉडेलही लिहा. काही फोन बॅटरी वाचवायला ॲप परस्पर बंद करतात, तिथे वेगळी परवानगी द्यावी लागते. आणि रात्रभर फोन न हाताळता ठेवून सकाळी दुसऱ्या फोनवरून कॉल करून बघा. तो वाजला तरच ॲप कामाचं.