मुंबई आणि आसपासची जुनी चित्र पोस्टकार्डं: संग्रह कुठून सुरू करावा? (सल्ला हवा)

गिरगाव_ते_घाट

नमस्कार मंडळी. ब्रिटिश काळातल्या मुंबईची आणि तिच्या आसपासच्या भागाची (माथेरान, खंडाळा, पुणे, वसई) चित्र पोस्टकार्डं नीट ठरवून जमवायची आहेत. सध्या तीसेक कार्डं आहेत, पण त्यांना ना क्रम ना नोंद. महिन्याला तीन हजारांपर्यंत खर्च करता येईल. प्रश्न असे:

- विषय किती आखूड ठेवावा?
- कार्डाचं साल कसं ठरवायचं? विकणारे सरसकट "१९०० चं" म्हणतात.
- नवीन छापलेली नक्कल कशी ओळखायची?
- मुंबईच्या दमट हवेत ठेवायची कशी?

पायधुणी

सालापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे निर्णय त्यावरच अवलंबून आहेत.

एका कार्डाला तीन तारखा असतात: फोटो काढला ती, कार्ड छापलं ती आणि टपालात पडलं ती. त्यांच्यात दहा-पंधरा वर्षांचं अंतर सहज पडतं, कारण प्रकाशक जुनी निगेटिव्ह वर्षानुवर्षं वापरत. विकणारा यातली सोयीची एक तारीख सांगतो. तुमच्या वहीत तिन्हींसाठी वेगळे रकाने करा.

*फोटोची तारीख* चित्रातूनच काढायची. मुंबईपुरत्या या खुणा पक्क्या:

ताजमहाल हॉटेल उघडलं डिसेंबर १९०३ मध्ये. गेटवेची पायाभरणी ३१ मार्च १९१३ ची, उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ चं. म्हणजे अपोलो बंदरावर ताज आहे पण गेटवे नाही, असं चित्र १९०३ आणि १९२४ च्या मधलं. रस्त्यावर घोड्यांची ट्राम दिसली तर फोटो साधारण १९०७ पर्यंतचा, कारण ७ मे १९०७ ला विजेची ट्राम आली. ट्राम चित्रात नसेल तर रस्त्यावरून गेलेली विजेच्या ट्रामची तार आणि खांब शोधा. रंगवलेल्या कार्डात तार बऱ्याचदा पुसलेली असते, खांब मात्र राहून जातात. मोटार बस दिसली तर १५ जुलै १९२६ नंतरचं. मरीन ड्राइव्हच्या इमारतींची रांग असेल तर १९३० च्या दशकातलं किंवा त्यानंतरचं. काळा घोडा (सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा) जागेवर असेल तर १९६५ पूर्वीचं.

जीपीओ फसवतं. आजची घुमटाची इमारत १९१३ ची आहे. त्याआधीच्या कार्डावर "जनरल पोस्ट ऑफिस" छापलेलं असेल आणि घुमट नसेल, तर मथळा चुकीचा समजू नका. तेव्हा टपाल कार्यालय फ्लोरा फाउंटनजवळच्या इमारतीत होतं, तिथे पुढे सेंट्रल टेलिग्राफ ऑफिस आलं.

*छपाईची तारीख* मागच्या बाजूवरून. मधे उभी रेघ नसेल आणि "या बाजूला फक्त पत्ता लिहावा" अशा अर्थाची इंग्रजी ओळ असेल, तर कार्ड सुरुवातीच्या काळातलं. अशा कार्डांवर मजकूर चित्राच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीत लिहिलेला असतो. त्याला खराबी धरू नका, तेव्हा लिहायला दुसरी जागाच नव्हती. रेघेची मागची बाजू ब्रिटनने १९०२ मध्ये सुरू केली, बाकीच्या देशांनी पुढच्या काही वर्षांत. जर्मनीत किंवा सॅक्सनीत छापल्याचा उल्लेख असेल तर जवळजवळ नेहमीच १९१४ आधीचं. महायुद्ध लागलं आणि तिकडची छपाई इथे यायची थांबली.

*टपालाची तारीख* तिकीट आणि शिक्क्यावरून. तिकिटावर राजा सातवा एडवर्ड १९०२ पासून, पाचवा जॉर्ज १९११ च्या अखेरीपासून, सहावा जॉर्ज १९३७ पासून. देशांतर्गत पोस्टकार्डाला १९२२ पर्यंत पाव आणा लागे, मग अर्धा आणा झाला.

गिरगाव_ते_घाट

पायधुणी, फार उपयोगी. लगेच एका कार्डावर लावून बघतो. समुद्राकडून दिसणारा ताज, गेटवे नाही, रंगीत. मागे उभी रेघ, "जर्मनीत छापलेले". एडवर्डचं लाल एक आण्याचं तिकीट, त्यावर "इंडिया पोस्टेज अँड रेव्हेन्यू". शिक्क्यात दिवस आणि महिना वाचता येतो, साल पुसट. पत्ता इंग्लंडचा.

पायधुणी

तिकिटावरचं "अँड रेव्हेन्यू" हाच धागा धरा. एडवर्डच्या अर्ध्या आणि एक आण्याच्या तिकिटांवर हे शब्द १९०६ मध्ये आले, त्याआधी नुसतं "इंडिया पोस्टेज" असे. म्हणजे कार्ड १९०६ च्या आधी टपालात पडलेलं नाही. जॉर्जची तिकिटं आल्यावर एडवर्डची उरलेली काही काळ वापरात राहिली, म्हणून वरची मर्यादा १९१२ च्या आसपास धरा. एक आणा हा परदेशी पोस्टकार्डाचा दर, पत्त्याशी जुळतो. फोटो १९०३ च्या शेवटापासून पुढचा. नोंद अशी करा: "फोटो १९०३–१२, छपाई १९१४ पूर्वी, टपाल १९०६–१२". एकच साल लिहिण्याचा मोह टाळा.

शिक्का परत एकदा बघा. त्यात "सी पोस्ट ऑफिस" अशी अक्षरं दिसली तर कार्ड मुंबई–एडन टपाल बोटीवरच्या छाटणी कचेरीत हाताळलेलं आहे. ती सोय १९१४ पर्यंत होती आणि टपाल-इतिहासवाले अशा शिक्क्याला वेगळे पैसे मोजतात. साल वाचायला टॉर्च कार्डाला जवळजवळ समांतर, आडवी धरा. शिक्क्याचा दाब कागदात उतरलेला असेल तर सावलीने उठून दिसतो.

बोरघाट

विषय आखूड हवाच. "मुंबई" एवढं मोठं ठेवलंत तर पहिल्या वर्षात व्हीटीची वीस कार्डं होतील, कारण व्हीटी, राजाबाई टॉवर, ताज आणि हँगिंग गार्डन सगळ्याच प्रकाशकांनी छापले. ती स्वस्त मिळतात आणि विकायला गेलं तर स्वस्तातच जातात. त्यापेक्षा एखादा रस्ता घ्या (काळबादेवी ते पायधुणी) किंवा एखादी रेल्वे वाट. मुंबई–पुणे लोहमार्ग हा उत्तम विषय आहे, कारण चित्रांत बदल दिसतो. बोरघाटातलं रिव्हर्सिंग स्टेशन (जिथे गाडी दिशा बदलून पुढे जायची) १९२९ ला बंद झालं, नेरळ–माथेरान गाडी १९०७ ला सुरू झाली, डेक्कन क्वीन १ जून १९३० ला.

शोधताना स्पेलिंगवर सगळं अडतं. इंटरनेटवर "लोणावळा" घालून काही मिळत नाही. जुन्या मथळ्यांत ते लानोली आहे. पुणे म्हणजे पूना, खडकी म्हणजे किरकी, वांद्रे म्हणजे बँडोरा, ठाणे म्हणजे ठाना किंवा टॅना, वसई म्हणजे बसीन, नाशिकमध्ये एस दोनदा. प्रत्येक गावाची चार-पाच इंग्रजी रूपं लिहून ठेवा आणि दर आठवड्याला ईबे आणि डेलकँप या विक्रीच्या संकेतस्थळांवर फिरवा. जर्मन विक्रेते "इंडियेन" (भारताचं जर्मन नाव) या सदराखाली घालतात आणि गावाचं नाव टाकतही नाहीत, तिथे नुसती चित्रं चाळावी लागतात. चांगली कार्डं तिथेच सापडतात.

ही कार्डं मुळात इंग्रज अधिकारी, सैनिक आणि प्रवाशांनी घरी पाठवली, त्यामुळे साठा तिकडे आहे. इथे मिळणारी बरीचशी कोरी किंवा देशात फिरलेली. चोरबाजारात मटन स्ट्रीटची दुकानं शुक्रवारी बंद असतात, पण त्याच दिवशी पहाटेपासून रस्त्यावरचा बाजार भरतो. पुण्याचा जुना बाजार रविवार आणि बुधवार. तिथे "पोस्टकार्ड आहेत का" विचारू नका, "जुने कागद, अल्बम, पत्रं" विचारा. तिकिटांच्या प्रदर्शनांत विक्रेत्याच्या टेबलाखालचे खोके बघायला मागा. तिकीटवाल्यांना चित्राचं मोल कमी असतं.

चौकट_१०x

नकलांबद्दल. दहापट भिंग आणि ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च घ्या. दोन्ही मिळून एका बऱ्या कार्डाच्या किमतीत येतात आणि कायम पुरतात.

भिंगाखाली चार गोष्टी दिसू शकतात. ठिपक्यांची सरळ जाळी म्हणजे हाफटोन. ठिपके नाहीत, पण सुरकुतल्या सायीसारखी बारीक नक्षी असेल तर कोलोटाइप, सुरुवातीच्या उत्तम कार्डांपैकी पुष्कळशी यात आहेत. वेडेवाकडे रंगीत कण, एकावर एक चढलेले, म्हणजे रंगीत शिळाछाप. आणि काहीच नाही, राखाडी सलग उतरत जाते, तर खरा फोटो. खऱ्या जुन्या फोटोकार्डात गडद भागावर तिरप्या उजेडात चांदीसारखी चकाकी येते. ती दोष समजून पुसू नका.

नकलेत नेमकं काय बिघडतं? छापील कार्डाचा फोटो घेऊन परत छापलेलं असतं, म्हणून मथळ्याची अक्षरंही ठिपक्यांत फुटतात. अस्सल कार्डात मथळा बहुधा सलग शाईचा, धारदार असतो. दुसरं, जाळीवर जाळी पडल्यामुळे आकाशात लाटा दिसतात. इंकजेटचे निळे-गुलाबी-पिवळे थेंब विखुरलेले दिसले तर विषय संपला. अतिनील उजेडात कागद पांढरा-निळा झगझगला तर त्यात उजळक रसायन आहे. ते कागदात साधारण १९५० नंतर आलं. उलट कागद झगझगला नाही म्हणजे कार्ड जुनंच, असं मात्र नाही, कारण कोऱ्या जुन्या कागदावरही कोणी छापू शकतं. म्हणून भिंग आधी, टॉर्च नंतर.

माप घ्या: जुनं प्रमाण कार्ड साधारण १४० × ८९ मिमी. १५० × १०० असेल तर नवीन, किंवा फार तर स्वातंत्र्यानंतरचं.

चित्रकार एम. व्ही. धुरंधरांच्या चित्रांची कार्डं कोणी खास "स्वस्तात" देऊ केली तर ही सगळी तपासणी दोनदा करा.

बोरघाट

एक भर. रंगांवर पुरावा म्हणून विसंबू नका. काळ्या-पांढऱ्या फोटोवर रंग युरोपातल्या छापखान्यात चढत, मुंबई न पाहिलेल्या माणसांच्या हातून. पगडी लाल होती की रंगाऱ्याने लाल केली, हे कार्ड सांगत नाही. राफेल टक या प्रकाशकाची ऑइलेट मालिका तर चित्रकाराच्या चित्रावरून आहे, सुंदर आहे, पण त्यावरून इमारतीच्या खिडक्या मोजू नयेत. क्लिफ्टन किंवा फोटोटाइप कंपनी अशा मुंबईच्या प्रकाशकांची एकरंगी कार्डं साधी दिसतात, पण अभ्यासाला तीच घ्या. पाटीवरची अक्षरं उलटी दिसली तर निगेटिव्ह उलटं छापलंय. असं कार्ड टाकून देऊ नका, नोंद करा.

कोरडा_कागद

मुंबईत कार्डाचे तीन शत्रू: बुरशी, कसर आणि चुकीचं प्लास्टिक. तिसरा सर्वांत वाईट, कारण तो आपण विकत आणतो.

पीव्हीसीचे पाउच आणि चिकट पानांचे फोटो अल्बम ताबडतोब काढा. पीव्हीसीतला मऊपणा आणणारा पदार्थ हळूहळू सुटतो, कार्ड चिकट होतं आणि शाई पाउचला लागते. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचे पाउच घ्या. दुकानदाराला सांगता येत नसेल तर वास घ्या: नवीन पडद्यासारखा उग्र वास आला तर नको. पाउच एका बाजूने उघडा असू द्या. कार्डं आम्लमुक्त खोक्यात उभी ठेवा, पुढे-मागे ताठ पुठ्ठा लावून. सैल ठेवलीत तर वाकतात, कोंबलीत तर कोपरे जातात.

खोकं बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको, पावसाळ्यात ती भिंत घाम फोडते. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के बरी. पावसात ती गाठणं कठीण, म्हणून झाकण घट्ट बसणारा डबा, आत रंग बदलणारं सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. जेलचा रंग पालटला की पुडी फोडून दाणे ओव्हनमध्ये १०० ते १२० अंशांवर दोन तास, मग पूर्ण गार करून परत. डांबराच्या गोळ्या टाकू नका, त्यांची वाफ प्लास्टिकवर आणि फोटोवर बसते.

कसर लागलेला गठ्ठा आणलात तर झिप पिशवीत हवा काढून बंद करा आणि घरच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडू नका. घाई केली की थंड कागदावर पाणी धरतं आणि केलेलं सगळं वाया जातं.

ओलं काहीही लावू नका. हाताने दिलेले रंग पाण्यात सुटतात, फोटोकार्डावरचं जिलेटिन चिकट होतं. काळ्या पानाला चिकटवलेलं कार्ड ओढू नका. अल्बमचं पान कार्डाभोवती कापून तसंच ठेवा. अर्धी सोललेली मागची बाजू भरून येत नाही. क्रमांक मागे कोपऱ्यात मऊ पेन्सिलने, कार्ड काचेसारख्या कडक पृष्ठभागावर ठेवून, हलक्या हाताने. बॉलपेन कधीच नाही.

गिरगाव_ते_घाट

तिकीट काढून घेतलेली कार्डं घ्यावीत का? आणि कोरं चांगलं की वापरलेलं?

चौकट_१०x

माझ्या मते कोरं. शिक्का नाही, शाई झिरपलेली नाही, चित्र स्वच्छ.

पायधुणी

इथे मी सहमत नाही. नुसत्या देखाव्यासाठी कोरं ठीक. पण कोऱ्या कार्डाला तिसरी तारीखच नसते, आणि "काल इथे उतरलो, उद्या देवळालीला निघतो" एवढ्या मजकुरातही चित्रापेक्षा जास्त माहिती मिळते. पहिल्या महायुद्धातला सेन्सॉरचा शिक्का असेल तर फाटकं कार्डही घ्या. फक्त खऱ्या फोटोकार्डांना चौकट_१०x म्हणतात ते लागू, कारण शिक्क्याचा दाब फोटोच्या थराला तडे पाडतो.

तिकीट काढलेलं कार्ड नेहमीच्या ठिकाणाचं असेल तर सोडा. ठाणे, वसई, नेरळ, पनवेल असेल तर घ्या. या गावांची कार्डं मुळात कमी छापली गेली, चांगल्या प्रतीची वाट बघत बसाल तर काहीच हाती लागणार नाही. पुढे बरं मिळालं की बदला.

तीन हजारांत महिन्याला एकच चांगलं कार्ड घ्या. "पन्नास कार्डांचा लॉट" घेताना दर कार्डी भाव काढू नका. तुमच्या विषयाची त्यात किती आहेत ते मोजा आणि सगळी किंमत तेवढ्यांवर पाडा. परदेशातून मागवताना कस्टम ड्युटी टपालखर्चासकट बेरजेवर लागते, म्हणून एका विक्रेत्याकडून पाच-सहा एकत्र मागवा.

कोरडा_कागद

आणि त्या विक्रेत्याला पॅकिंग आधीच सांगा. कार्ड पाउचमध्ये, दोन नालीदार पुठ्ठ्यांच्या मधे. पुठ्ठे चारही बाजूंनी कार्डापेक्षा दोन सेंटिमीटर मोठे आणि दोघांच्या नाल्या एकमेकींना काटकोनात, म्हणजे कुठल्याच दिशेने दुमडत नाही. चिकटपट्टी पुठ्ठ्यांना, पाउचला नाही, नाहीतर उघडताना कार्ड पट्टीला घासतं. पावसाळ्यात सगळं आणखी एका बंद पिशवीत. घरी आल्यावर पाकीट फेकण्याआधी त्यात बघा, सुटलेली तिकिटं तळाशी सापडतात.

गिरगाव_ते_घाट

विषय ठरवला: मुंबई–पुणे लोहमार्ग, १८९० चं दशक ते १९३०. वहीतले रकाने: क्रमांक, मथळा जसा छापला तसा, आजचं नाव, प्रकाशक, छपाईचा प्रकार, तीन तारखा, तिकीट, मजकूर, किंमत. काही राहिलं?

पायधुणी

"कुठून घेतलं" आणि "दोष" हे दोन घाला. दोन्ही बाजूंचं स्कॅन ६०० डीपीआयला, टिफमध्ये, ठिपके घालवणारं सेटिंग बंद ठेवून. ते चालू राहिलं तर छपाईचा प्रकार स्कॅनवरून ओळखता येत नाही आणि पाटीवरची बारीक अक्षरंही जातात. फाइलच्या नावात कार्डाचाच क्रमांक, शेवटी पुढची की मागची बाजू.